एका रात्रीपुरती भुते

मागच्या अंकात अमेरिकेतील हॅलोविनच्या (३१ ऑक्टोबरच्या रात्री साजऱ्या होणाऱ्या भुताखेतांच्या सणाच्या) हस्तनिर्मित कलावस्तूंवर, म्हणजे कागदाच्या लगद्याचे भोपळे, चेटकिणी, काळी मांजरे आणि ती घडवणारे कलावंत यांच्यावर, एक लेख प्रसिद्ध झाला होता. त्यावर आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : लेखात या वस्तूंना सरसकट लोककला म्हटले आहे. लोककला पिढ्यान्‌पिढ्या चालत येते आणि तिचा कर्ता बहुधा अनाम असतो. येथे तर कलाशिक्षण घेतलेली माणसेही आपल्या बाहुल्यांच्या तळाशी सही करून साल घालतात. मग ही लोककला कशी?

उत्तर : शंका रास्त आहे. 'फोक आर्ट' हा शब्द अमेरिकेत थोड्या वेगळ्या वाटेने रुळला. १९३२ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये होल्गर काहिल यांनी 'सामान्य माणसाची कला' या भूमिकेतून एक मोठे प्रदर्शन मांडले. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या धातूच्या आकृत्या, लाकडातले कोरीवकाम, हौशी हातांनी काढलेली चित्रे अशा वस्तूंना त्या प्रदर्शनाने कलादालनाच्या भिंतीवर आणि चौथऱ्यावर मानाची जागा दिली. कलाशाळेच्या शिस्तीबाहेर घडलेले काम, हा अर्थ त्यातून पक्का झाला. पुढे संग्राहकांच्या बाजारात तोही इतका सैलावला, की आता हा शब्द घडणीच्या परंपरेपेक्षा रूपाविषयीच अधिक सांगतो : मुद्दाम ओबडधोबड राखलेला आकार, मोजके रंग आणि कामावर दिसणारी हाताची खूण.

हॅलोविनच्या बाबतीत गंमत अशी, की आजचे कलावंत ज्या वस्तूंना आपले पूर्वज मानतात, त्यांपैकी बऱ्याचशा काटेकोर अर्थाने लोककला नव्हत्याच. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतला तो स्वस्त, साच्यातून काढलेला आणि एका रात्रीनंतर टाकून द्यायचा माल होता. त्या मालाच्या आठवणीवर आज एकेक कलावंत दिवसचे दिवस खपून एकच मांजर घडवतो, हा उलटा प्रवास मला या कलेतला सर्वांत लक्षणीय भाग वाटतो. जोहाना पार्कर यांच्यासारख्या कलावंतांची लगद्यातली हसरी मांजरे आणि भोपळे पाहिले, तर जुन्या वस्तूंचा वारसा लगेच ओळखू येतो. पण चेहऱ्यावरचा खट्याळपणा मात्र घडवणाऱ्याचा स्वतःचा असतो. म्हणून सही हवी. तिचे दुसरे, अधिक व्यवहारी कारण पुढच्या एका उत्तरात येईल.

प्रश्न : जुन्या वस्तू जर्मनीत बनत, असा ओझरता उल्लेख लेखात आहे. हॅलोविन हा जर्मनांचा सण नव्हे. मग तिकडे या वस्तू कशासाठी होत होत्या?

उत्तर : निव्वळ निर्यातीसाठी. एकोणिसाव्या शतकात आयर्लंड आणि स्कॉटलंडमधून स्थलांतरित झालेल्या लोकांनी ३१ ऑक्टोबरच्या रात्रीच्या चालीरीती अमेरिकेत नेल्या. शतक पालटताना तेथील शहरांतून या रात्रीच्या मेजवान्यांची टूम निघाली आणि सजावटीला मागणी आली. त्या काळी खेळण्यांचा पुरवठा करण्यात जर्मनी आघाडीवर होता. थुरिंगिया प्रांतात, विशेषतः सोनेबर्गच्या परिसरात, खेळणी बनवणे हा घरोघरचा धंदा होता; स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसून कुणी साचे भरी, कुणी रंग देई, कुणी डोळे काढी, आणि तयार माल व्यापाऱ्यांमार्फत समुद्रापार जाई. ज्या घरांत हा सण कधी साजरा झाला नव्हता, त्या घरांतून त्याचे चेहरे बाहेर पडत होते. कोबी, गाजर, सलगम अशी डोकी असलेली माणसे त्या मालात आढळतात, तीही तिथलीच. सणाचा प्रत्यक्ष अनुभव नसलेल्या कारागिरांची कल्पना अशी मोकाट सुटली असावी, असा माझा तर्क आहे, आणि ती सुटली हे बरेच झाले.

यांतल्या अनेक आकृती मुळात गोळ्या-चॉकलेटे ठेवण्याच्या डब्या होत. मांजराची मान उचलली की आत पोकळी दिसे, किंवा तळाला पुठ्ठ्याचे बूच असे. कंदील वेगळे. अशा एका कंदिलाकडे जवळून पाहावे. दाबून आकार दिलेल्या पुठ्ठ्याचा, दोन ओंजळींत मावेल एवढा नारिंगी भोपळा; वर धरायला तारेची कडी; आत मेणबत्ती बसवण्यासाठी पत्र्याचे लहानसे घर. डोळे आणि तोंड कापून काढलेले असते, पण ती भोके उघडी नसतात. आतल्या बाजूने पातळ छापील कागद चिकटवलेला असतो, त्यावर तिरप्या नजरेची बुबुळे आणि दातांची रांग छापलेली असते, आणि मेणबत्ती लागली की ही नजर जिवंत होते. या कागदामुळेच कंदिलाची शोभा आणि त्याच्यामुळेच आगीची भीती. कित्येक कंदील त्याच रात्री पेटून गेले; जे उरले त्यांतल्या अनेकांचे कागद फाटले. मूळ कागद शाबूत असलेल्या कंदिलाला संग्राहक एवढे का जपतात, ते यावरून कळेल.

१९१४ च्या महायुद्धाने हा पुरवठा तुटला, विसाच्या दशकात तो पुन्हा सुरू झाला आणि दुसऱ्या महायुद्धापूर्वी पुन्हा आटला. दरम्यान अमेरिकी कंपन्या पुढे आल्या होत्या. मॅसॅच्युसेट्समधील डेनिसन कंपनी क्रेप हा बारीक चुण्यांचा पातळ कागद बनवी आणि त्याचा खप वाढावा म्हणून १९०९ पासून हॅलोविनच्या सजावटीच्या पुस्तिका काढी. त्यांत वेष कसे शिवावेत, टेबल कसे सजवावे, झालरी कशा कापाव्यात, हे सारे सांगितलेले असे. पेनसिल्वेनियातील बाइस्टल कंपनीने पुठ्ठ्याच्या कापीव आकृती आणि मधाच्या पोळ्यासारखा उलगडणारा पातळ कागद घरोघर पोहोचवला. आजच्या कलावंतांच्या बाहुल्यांच्या गळ्यात क्रेपच्या चुणीदार झालरी दिसतात, त्यांचे मूळ या काळातल्या सजावटीत आहे.

प्रश्न : भोपळ्याआधी सलगम कोरत असत, हे खरे की सांगोवांगी?

उत्तर : खरे. आयर्लंड आणि स्कॉटलंडमध्ये सलगमाचे कंद पोखरून त्यांत दिवा ठेवत. आयर्लंडच्या मेयो परगण्यातील ग्रामजीवनाच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका जुन्या कंदिलाचा प्लास्टरमधला ठसा आहे. आत ओढलेले गाल, खोल डोळे आणि थोडेसेच दात असलेला तो चेहरा इतका भेसूर आहे, की त्याच्यापुढे अमेरिकेतला गुबगुबीत भोपळा शेजारच्या काकांसारखा वाटतो. अमेरिकेत भोपळा मुबलक होता, आकाराने मोठा होता आणि कोरायलाही सोपा होता. बदलाचे कारण इतके साधे आहे. अलीकडे काही कलावंत मुद्दाम सलगमाच्या चेहऱ्याकडे वळले आहेत.

प्रश्न : लेख वाचून मी कागदाच्या लगद्याचा पोकळ भोपळा करायला घेतला. वरून कोरडा वाटला म्हणून रंग दिला. पंधरा दिवसांत आतून बुरशी आली आणि बाहेर रंगाला पोपडे सुटले. काय चुकले?

उत्तर : घाई झाली. आपण बहुधा सगळे थर एका बैठकीत चढवले असावेत. माझ्या पहिल्या भोपळ्याचीही हीच गत झाली होती, आणि तो तर मी कुणाला तरी भेट दिला होता.

कागद कात्रीने कापू नये, हाताने फाडावा; फाटलेली कड विरळ होत गेलेली असते, त्यामुळे एक पट्टी दुसरीत मिसळून जाते, तर कापलेली कड रंगाखालीही रेघ होऊन उठून दिसते. खळ मैद्याची चालेल, पण शिजवलेली असावी : एक वाटी मैद्याला साधारण पाच वाट्या पाणी घेऊन, गुठळी होऊ न देता, पारदर्शक दिसू लागेपर्यंत ढवळावी आणि निवल्यावर तीत लवंगतेलाचे काही थेंब घालावेत, म्हणजे बुरशीला थोडा आळा बसतो. फुगवलेल्या फुग्यावर किंवा मातीच्या गोळ्यावर एका वेळी दोन थर द्यावेत, जास्त नाही. एक थर वर्तमानपत्राचा आणि दुसरा कोऱ्या कागदाचा असा आलटून पालटून दिला, तर कुठे कागद कमी पडला ते डोळ्यांना दिसते. मग पूर्ण दिवस वाळू द्यावे. वाळले की नाही हे बोटाने नीट कळत नाही; भोपळा गालाला लावून पाहावा. ओला कागद गालाला गार लागतो. गार लागला तर आणखी थांबावे. असे सहा ते आठ थर झाल्यावर मातीचा गोळा वापरला असेल तर कवच मधोमध कापून गोळा काढून घ्यावा, आतली बाजू उघडी ठेवून वाळवावी आणि मगच दोन्ही अर्धी पट्ट्यांनी जोडावीत. तुमच्या भोपळ्यात ओल आतच कोंडली होती आणि रंगाने तिची बाहेरची वाटही बंद केली.

यानंतर खडूची भुकटी आणि सरस यांचे अस्तर द्यावे, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासावे. रंगाबाबत या कलावंतांची एक युक्ती उचलण्याजोगी आहे : आधी सगळीकडे काळा किंवा गडद तपकिरी रंग द्यायचा, त्यावर नारिंगी चढवायचा आणि तो वाळल्यावर उंचवट्यांवर हलके घासायचे, म्हणजे खालचा गडद रंग जागोजागी डोकावतो. शेवटी पातळ तपकिरी रंग फासून लगेच फडक्याने पुसून घ्यायचा. तो खाचांत राहतो आणि वस्तू वापरलेली दिसते. काही जण शेवटी काचेची चमकी लावतात. ती प्लास्टिकच्या चमकीसारखी भडक नसते, आणि तिच्यावरचा चांदीचा लेप काळाबरोबर काळवंडत जातो, म्हणूनच ती त्यांना आवडते. आत खरी मेणबत्ती मात्र लावू नये. बॅटरीवर चालणारा छोटा दिवा पुरे.

प्रश्न : ऑनलाइन लिलावात '१९२० च्या सुमाराचा जर्मन भोपळा' म्हणून घेतलेली वस्तू नवी असल्याचा आता संशय येतो आहे. घरच्या घरी पडताळणी करता येईल का?

उत्तर : काही अंशी येईल. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाची विजेरी त्यावर टाकून पाहा. साधारण १९५० नंतरच्या कागदांत शुभ्रता वाढवणारी रसायने सर्रास आली आणि ती या प्रकाशात निळसर-पांढरी चमकतात. डोळ्यांमागचा कागद असा चमकला, तर निदान तो कागद तरी १९२० चा नाही. मात्र चमकला नाही म्हणून वस्तू जुनीच, असे मानू नये. जुना कागद आजही मिळतो. कागद मागाहून बदलला असण्याचीही शक्यता असतेच, तेव्हा एवढ्यावरून संपूर्ण भोपळा बाद करू नये.

दुसरी खूण झिजेची. खरी झीज जेथे हात लागतो तेथेच होते : नाकाचा शेंडा, वरच्या तोंडाची कड, तारेची कडी घासते ती भोके. कडीखाली जेथे हात पोहोचत नाही तेथेही सारखेच खरवडलेले असेल, तर ती पॉलिश पेपरची करामत समजावी. मेणबत्ती लावली गेलेल्या कंदिलात काजळी आतल्या बाजूला, ज्योतीच्या वर असते. सगळीकडे एकसारखा काळपटपणा म्हणजे रंग. तळावर 'जर्मनी' असा शिक्का असणे ही जमेची बाजू खरी, कारण १८९० च्या अमेरिकी जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव घालणे सक्तीचे केले होते. पण शिक्का आजही करून घेता येतो, त्यामुळे केवळ त्यावर विसंबू नये.

सहीचे व्यवहारी कारण ते हेच. चहाच्या पाण्याने कागद पिवळा करणे, रंग घासणे, कडा झिजवणे ही सगळी तंत्रे प्रामाणिक कलावंत आणि लबाड विक्रेता दोघेही वापरतात. कलावंत तळाशी नाव आणि साल लिहितो. तुमच्या वस्तूच्या तळाचा काही भाग अलीकडे घासलेला किंवा वेगळ्या रंगाने झाकलेला दिसतो का, ते भिंगाखाली अवश्य पाहा.

प्रश्न : या कलेत सगळे फडताळावर ठेवण्याजोगे लहानच असते का?

उत्तर : नाही. राल्फ ली हे न्यूयॉर्कचे मुखवटेकार आणि कळसूत्रकार होते. त्यांनी १९७४ साली ग्रीनिच व्हिलेजमधील आपल्या वस्तीत मुलांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी मुखवटे व महाकाय बाहुल्यांची फेरी काढली. तीच पुढे त्या शहराची प्रचंड हॅलोविन मिरवणूक झाली. फडताळावरच्या मांजराला कुणी हात लावलेला चालत नाही. या बाहुल्या मात्र कुणीतरी काठ्यांवर तोलून रस्त्याने नेल्याखेरीज पुऱ्या होत नाहीत.

प्रश्न : या वस्तू इतक्या महाग का, आणि कलावंत त्या विकतात कुठे?

उत्तर : वरच्या उत्तरातले वाळवण्याचे दिवस मोजले तर किमतीचा निम्मा उलगडा होईल. एकट्याने काम करणाऱ्याला वर्षाकाठी मोजकेच नग होतात, आणि गिऱ्हाइकांचा हंगाम मात्र शरद ऋतूतल्या थोड्या आठवड्यांचा. मिशिगनमधील चेल्सी येथील 'घूलटाइड गॅदरिंग' आणि कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथील 'हॅलोविन अँड व्हाइन' ही केवळ या कलेची प्रदर्शने म्हणून संग्राहकांत नावाजली. काही कलावंत आपल्या रचनांच्या नकला काढण्याचा हक्क कंपन्यांना देतात. त्या रेझिनच्या किंवा साच्यातल्या प्रती बऱ्याच स्वस्त असतात. घेताना एवढेच विचारावे, की ही कलावंताच्या हातची आहे की त्याच्या रचनेवरून काढलेली प्रत. घरी आणल्यावर ती उन्हापासून आणि दमटपणापासून दूर ठेवावी, आम्लविरहित कागदात सैल गुंडाळावी आणि क्रेपच्या झालरीला पाण्याचा थेंबही लागू देऊ नये, कारण त्या कागदाचा नारिंगी रंग ओला झाला की शेजारच्या पांढऱ्यावर उतरतो आणि मग काही केल्या निघत नाही.