तुमचे प्रश्न, एका जुन्या मेटलवेडीची उत्तरं

गेल्या अंकात हेवी मेटल या जहाल रॉक संगीताच्या कॉन्सर्टबद्दल लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, म्हणून पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न निवडले आहेत. मी संगीतशास्त्र शिकलेली नाही. कॅसेटच्या काळापासून हे संगीत ऐकत आले, जमेल तेव्हा स्टेजसमोर जाऊन उभी राहिले, आणि आता पन्नाशी उलटल्यावरही जाते. त्या अनुभवावरूनच बोलते आहे.

माझा सोळा वर्षांचा मुलगा दिवसभर डेथ मेटल ऐकतो. तो गायक गातो की गुरगुरतो तेच कळत नाही. एवढा राग सतत कानांवर पडून मुलगा हिंसक तर होणार नाही ना?
*— एक आई*

ताई, त्या गुरगुरण्यापासूनच सुरुवात करू, कारण सगळे बिचकतात ते त्यालाच. आपल्या स्वरतंतूंच्या वर मांसल पडद्यांची आणखी एक जोडी असते. एरवी बोलताना ती बाजूला राहते. ग्राउल करणारा, म्हणजे असं गुरगुरत गाणारा गायक ही वरची जोडी थरथरवतो आणि श्वासाचा दाब पोटातून सांभाळतो. नुसतं संतापून ओरडणाऱ्याचा घसा दोन गाण्यांत बसेल. दीड तास, रोज नव्या गावात, तोच आवाज त्याच जागी लावायचा तर रियाज लागतो. आर्च एनिमी या स्वीडिश बॅण्डचा २००१ चा अल्बम मी एका मैत्रिणीला ऐकवला होता. गाणारी अँजेला गोसो नावाची बाई आहे हे तिला काही केल्या पटेना. मग तिने पुन्हा ऐकला, आणि या वेळी श्वास कुठे घेतलाय ते शोधत ऐकला. तुम्हीही एकदा तसं ऐकून पाहा.

आता रागाचं. २०१५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठात एक प्रयोग झाला. असं संगीत आवडीने ऐकणाऱ्या १८ ते ३४ वयाच्या ३९ जणांना आधी राग येईल अशा आठवणी काढायला लावल्या. मग काहींना त्यांच्या आवडीचं जहाल संगीत ऐकू दिलं, बाकीच्यांना शांत बसवलं. संगीत ऐकणाऱ्यांचा राग वाढला नाही. शांत बसणाऱ्यांइतकाच तोही ओसरला. माणसं थोडी होती, त्यामुळे त्यावरून सगळ्या जगाचा निकाल लावू नये. पण मी इतकी वर्षं जे पाहत आले त्याच्याशी ते जुळतं. कॉन्सर्टहून परतणारी माणसं घामाने निथळत असतात, आवाज बसलेला असतो, आणि स्वभावाने तेव्हा ती सगळ्यात मऊ असतात.

काही बॅण्डचे शब्द मात्र खरोखर किळसवाणे असतात. मला ते सोसत नाहीत, मी ते ऐकत नाही. म्हणून मुलाला सांगा, तुला सगळ्यात आवडणारं एक गाणं लाव आणि त्यात काय आहे ते मला समजाव. मध्ये बोलू नका, पूर्ण ऐका. तो कुणाशी बोलेनासा झाला, झोपेनासा झाला, मित्र तोडू लागला, तर त्याची चौकशी जरूर करा. पण मग त्याचीच करा, हेडफोनची नको.

मी गिटार शिकतो. क्लासमध्ये सहा तारांचे भरगच्च कॉर्ड शिकवतात आणि मेटलवाले दोन-तीन तारांवर भागवतात. याला सोपा मार्ग म्हणायचं का?
*— एक विद्यार्थी*

हा प्रश्न आल्याचा मला फार आनंद झाला, कारण मेटलचं सगळं बळ या दोन तारांत आहे.

ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त जोराचा सिग्नल दिला की ध्वनिलहरीचे शेंडे कापले जातात. यालाच आपण डिस्टॉर्शन म्हणतो. शेंडे कापले गेले की मूळ सुरात नसलेले नवे उपस्वर तयार होतात. दोन सूर एकत्र असतील तर त्यांच्या कंपनसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे सूरही त्यात येतात. मेटलवाल्यांच्या त्या दोन-तीन तारांच्या कॉर्डमध्ये, म्हणजे पॉवर कॉर्डमध्ये, मूळ सूर आणि त्याचा पंचम असतो, म्हणजे प्रमाण जवळपास दोनास तीन. तिनातून दोन वजा केले की उरतो एक, म्हणजे मूळ सुराच्या बरोबर एक सप्तक खालचा सूर. कुणीही न वाजवलेला तो खर्ज स्पीकरमधून बाहेर येतो. आता याच डिस्टॉर्शनमध्ये सहा तारांचा मेजर कॉर्ड वाजवून बघ. त्यातल्या गंधारामुळे असे उपस्वर जन्मतात की ते एकमेकांशी भांडत राहतात आणि सगळा चिखल होतो. भारदस्तपणा हवा असेल तर सूर कमी करावे लागतात.

मग उजव्या हाताचं काम. तळव्याची कड ब्रिजपाशी तारांवर अलगद टेकवून वाजवलं की आवाज दबतो आणि ठोक्यासारखा येतो. मेटॅलिका या बॅण्डचा गिटारवादक जेम्स हेटफिल्ड मिनिटाला दोनशेहून जास्त ठोक्यांच्या गतीला नुसते वरून खाली असे फटके मारतो, खालून वर एकही नाही. वर-खाली वाजवलं तर निम्म्या कष्टात होईल, पण मग प्रत्येक सुराचं वजन सारखं राहत नाही. मेट्रोनोम लावून तू पाच मिनिटं करून पाहा, मनगट काय म्हणतं ते मला कळव.

आणि ब्लॅक सॅबथ या बॅण्डच्या गिटारवादकाबद्दल, टोनी आयोमीबद्दल, सांगितल्याशिवाय हे उत्तर पुरं होत नाही. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातला मुलगा, वय सतरा, पत्र्याच्या कारखान्यात कामाला. नोकरी सोडून बॅण्डबरोबर जायचं ठरलेलं, कामाचा शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या आणि अनामिका या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात हाच. हाताला भाजून दोन बोटं जवळजवळ निकामी झालेल्या जँगो राइनहार्ट या गिटारवादकाची रेकॉर्ड कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला ऐकवली. मग आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, त्यांवर चामडं चिकटवलं, हलक्या तारा लावल्या. पुढे गिटारचं ट्यूनिंगच खाली उतरवलं. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी' या अल्बममध्ये ते दीड स्वर खाली गेलेलं ऐकू येतं. तारा सैल झाल्या, दाबायला सोप्या झाल्या आणि आवाज आणखी खोल गेला. आज हजारो बॅण्ड खालच्या ट्यूनिंगवर वाजवतात, धडधाकट बोटांनी.

आयोमीच्या ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आला. जवळजवळ सगळा एका दिवसात रेकॉर्ड केलेला. सुरुवातीला पाऊस, लांबवर घंटा, आणि मग तीन सूर: षड्ज, वरचा षड्ज, आणि तीव्र मध्यम. मी तो प्रथम ऐकला तो कुणीतरी कुणाकडून भरून घेतलेल्या कॅसेटवर, कव्हरवर बॉलपेनने गाण्यांची नावं. तो तिसरा सूर लागला आणि मी उठून खोलीतला दिवा लावला. अजूनही त्या मध्यमावर माझ्या मानेवर काटा येतो.

कॉन्सर्टमध्ये तर्जनी आणि करंगळी ही दोन बोटं वर करतात, ती खूण सैतानाची असते का?

नाही. ती लोकप्रिय केली रॉनी जेम्स डिओने. १९७९ मध्ये तो ब्लॅक सॅबथमध्ये आला. त्याच्या आधीचा गायक ऑझी ऑस्बोर्न प्रेक्षकांना दोन बोटांची शांतीची खूण दाखवायचा, म्हणून डिओला स्वतःची वेगळी हवी होती. त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून जी खूण करायची, तीच त्याने घेतली. अंगठा आत दुमडायचा एवढं लक्षात ठेवा. बाहेर काढला तर अमेरिकन खुणांच्या भाषेत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असा अर्थ होतो. तेही कुणाला वाईट वाटायचं कारण नाही.

पहिल्यांदाच कॉन्सर्टला चाललोय. मॉशपिटमध्ये, म्हणजे एकमेकांवर आदळत नाचणाऱ्यांच्या घोळक्यात, जावं असं वाटतं, पण भीतीही वाटते. वय सतरा.

पहिल्या बॅण्डच्या वेळी जाऊ नकोस. साउंडमिक्सिंगच्या टेबलाजवळ उभा राहा. तिथे आवाज सगळ्यात नीट ऐकू येतो, कारण तो तिथूनच जुळवलेला असतो. तिथून पिटकडे बघ. लांबून नुसती मारामारी वाटेल. पण कोपरं खाली आहेत, मुठी मिटलेल्या नाहीत, आणि कुणी पडला की त्याच्याभोवती चार-पाच जण हात पसरून उभे राहतात, हे दिसायला एखादं गाणं जावं लागतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा गर्दीचे व्हिडिओ तपासून २०१३ मध्ये निबंध लिहिला. साध्या मॉशपिटमध्ये माणसं वायूच्या कणांसारखी वागतात, आणि सर्कल पिटमध्ये, म्हणजे सगळे गोल धावतात तिथे, भोवरा तयार होतो, असं त्यांना आढळलं. बहुतेक भोवरे घड्याळाच्या उलट दिशेने फिरत होते. मी पाहिलेलेही तसेच.

मी पडले आहे. जमिनीला हात टेकायच्या आत दोन्ही काखांत कुणाचे तरी हात आले आणि मी उभी होते. वळून आभार मानेपर्यंत तो माणूस फिरत पुढे गेलेला. दुसऱ्या एका कॉन्सर्टमध्ये एक दणकट गडी डोक्यावर एक बूट उंच धरून अख्खं गाणं उभा होता. गाणं संपल्यावर एक मुलगी लंगडत आली, त्याने बूट दिला, तिने घातला, आणि दोघं दोन दिशांना परत आत गेली. पिट म्हटलं की मला तो बूट आठवतो.

तर तू हे कर. नाडी घट्ट बांध, खांद्यावर बॅग नको, चष्मा असेल तर काढून ठेव. पिटच्या कडेला उभा राहणाराही आत ढकलला जाऊ शकतो, हे गृहीत धर. पडलेल्याला आधी उचल, मग नाच. नको वाटलं तर हात वर करून बाहेर ये, वाट मिळेल. खरा धोका पिटमध्ये नसतो, स्टेजपुढच्या चेंगरण्यात असतो. १९८८ मध्ये इंग्लंडमधल्या डॉनिंग्टनच्या महोत्सवात चिखल आणि रेटा यांत दोन तरुण गेले. छातीवर दाब वाढतोय असं वाटलं तर दोन्ही हात छातीपुढे आण, मागे रेटू नकोस, लाटांच्या मधल्या उसंतीत तिरका बाजूला सरक. त्या वेळी आवडतं गाणं चालू असलं तरी निघ.

आणि वेळेवर पोच. मेटॅलिका १९८३ पासून स्टेजवर येण्याआधी संगीतकार एनिओ मोरिकोनेची एक सिनेमातली धून वाजवतात. आयर्न मेडन हा बॅण्ड येण्याआधी यूएफओ या दुसऱ्या बॅण्डचं एक जुनं गाणं लागतं. दिवे जातात, हजारो माणसं ती धून गाऊ लागतात, स्टेजवर अजून कुणीच नाही. ती दोन मिनिटं बाहेर पाण्याच्या रांगेत घालवू नकोस.

कॉन्सर्टनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहते. चालतं का?

नाही चालत. ती कानाने दिलेली सूचना आहे. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो असं धरलं, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात, आणि मेटल कॉन्सर्ट त्याच्या वरच चालते. फोमचे बोळे वरचे सूर जास्त खातात, म्हणून झांजा हरवतात. वादकांसाठीचे फिल्टरवाले इअरप्लग मिळतात, ते सगळे सूर सारखे कमी करतात आणि गाणं उलट स्वच्छ ऐकू येतं. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिख कानातल्या आवाजाबद्दल उघड बोलतो. एसी/डीसी या बॅण्डचा गायक ब्रायन जॉन्सन याला कानांपायी २०१६ मध्ये दौरा अर्धवट सोडावा लागला. शिट्टी थांबत नसेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा.

थकलेल्या म्हाताऱ्या बॅण्डना स्टेजवर बघवत नाही. त्यांनी वेळेत थांबायला नको का?
*— एक ज्येष्ठ वाचक*

काका, मला बघवतं. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानावर ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे वीस वर्षांनी एकत्र आले. ॲस्टनमध्येच, जिथे ते वाढले. मी ते इंटरनेटवरून पाहिलं. ऑझीला पार्किन्सन्स होता, उभं राहता येत नव्हतं, म्हणून तो सिंहासनावर बसून गायला. आवाज काही ठिकाणी खाली आला. पण टाळ्यांचा ठेका त्याने बसल्या जागेवरून सोडला नाही, आणि बिल वॉर्ड उघड्या अंगाने ड्रम वाजवत होता. सॅबथची चारच गाणी झाली. २२ जुलैला ऑझी गेला, शहात्तर वर्षांचा होऊन. त्याने वेळेत थांबायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात, तर मी तुमच्याशी वाद घालीन. समोरच्या चाळीस हजारांना निर्दोष सूर नको होता. त्यांना त्याला निरोप द्यायचा होता, आणि तो देता आला.

रेकॉर्डिंग मागे वाजवून ओठ हलवणारे मात्र मलाही नकोत. तिथे तुमचं माझं जमेल.

कॉन्सर्टला जाणं मला शक्य नाही. घरबसल्या अनुभव येईल असा लाइव्ह अल्बम सांगाल?

आयर्न मेडनचा १९८५ चा 'लिव्ह आफ्टर डेथ'. मी कॉन्सर्ट पाहण्याच्या कितीतरी आधी गर्दी ऐकली ती यावरच. बहुतेक भाग लाँग बीचच्या एरिनात रेकॉर्ड केलेला, सुरुवातीला चर्चिलचं युद्धातलं भाषण, आणि त्याच्या शेवटच्या शब्दावर गिटारी तुटून पडतात. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन प्रेक्षकांना गावाच्या नावाने हाक मारतो, तेव्हा मी खोलीत एकटी ओ द्यायचे. मोटरहेड या बॅण्डचा १९८१ चा 'नो स्लीप टिल हॅमरस्मिथ' याहून ओबडधोबड आणि घामट आहे. त्यातलं एकही गाणं लंडनच्या हॅमरस्मिथला रेकॉर्ड झालेलं नाही, पण त्याने काही बिघडत नाही. मेडनपासून सुरुवात करा. भाषण पुढे ढकलू नका, हेडफोनऐवजी स्पीकर वापरा, आणि ड्रमचा धक्का पायांना कळेल इतक्या जवळ बसा.