क्लो सँत ऊन उघडायची घाई नको

क्लो सँत ऊन या फ्रेंच पांढऱ्या वाईनची बाटली हाती आली म्हणून लगेच बूच काढू नका. ती येते फ्रान्सच्या आल्सास भागातल्या रोझाकेर या ग्राँ क्रू (म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या) द्राक्षमळ्यातल्या १.६७ हेक्टरच्या तुकड्यातून. जमीन चुनखडीची, द्राक्ष रिझलिंग. त्रिंबाख घराणं ही वाईन आपल्याच तळघरात काही वर्षं ठेवून मग विकायला काढतं, तरी सुरुवातीला ती मूग गिळून बसते: लिंबाची साल आणि जिभेला झोंबणारा आंबटपणा, बस्स. हा आंबटपणाच तिला टिकवतो म्हणा. १०-१५ वर्षांनी रंग सोनेरी होतो, मधाचा वास येतो, शिवाय रॉकेलसारखा एक दर्प. बिघडली समजून ओतून देऊ नका. रिझलिंग मुरली की असंच होतं. (मला तर त्यासाठीच ती आवडते.) फ्रिजमधून काढून लगेच पिऊ नका, ११-१२ अंशांवर येऊ द्या.