माणूस माकडा‘पासून’ झाला का?

नागपूरच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: “शाळेची सहल रामटेकला नेली होती. गडमंदिराच्या पायऱ्यांवर वानरानं एका पोराचा डबा पळवला, तर दुसरा विचारतो, ‘मॅडम, हे आपले आजोबा होय का?’ ‘माणूस माकडापासून झाला’ हे वाक्य बरोबर आहे का? आणि माकड, वानर, एप यांत नेमका फरक काय?”

व्याकरणात काही चूक नाही. घोटाळा ‘पासून’मध्ये आहे. दुधापासून दही होतं, संत्र्यापासून बर्फी होते. पहिलं संपतं तेव्हा दुसरं तयार होतं. ‘पासून’ ऐकलं की मराठी कान हाच हिशेब लावतो आणि मग तो ठरलेला प्रश्न येतो: माकडापासून माणूस झाला, तर माकडं अजून शिल्लक कशी? विचारणाऱ्याला हसू नका, तो भाषेच्या वाटेनंच चालला आहे. खरं नातं चुलत आहे. रामटेकच्या वानराचा आणि आपला एक फार जुना पूर्वज सामाईक होता. तो आजचा वानर नव्हता आणि माणूसही नव्हता. तेव्हा पोराला सांगा, आजोबा नाही, लांबचे भाऊबंद. डबा पळवला म्हणजे भाऊबंदकीही आलीच.

हे नातं ओळखायची रीत जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांना सवयीची वाटेल. दोन पोथ्यांत एकाच ओवीत एकच विचित्र चूक सापडली, तर दोन्ही लेखकूंना नेमकी तिथंच डुलकी लागली असं आपण म्हणत नाही. दोन्ही प्रती एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या, असं म्हणतो. जनुकांचंही तसंच. बहुतेक सस्तन प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात बनवतात. कुत्र्याला किंवा शेळीला त्यासाठी संत्रं खावं लागत नाही. आपल्याला बाहेरून घ्यावं लागतं, कारण ते बनवण्याच्या कामातलं एक जनुक आपल्यात मोडून पडलं आहे. तेच जनुक चिंपांझीत मोडलेलं आहे, माकडांत आणि वानरांतही. गिनीपिगमध्येही ते बंद पडलंय, पण तिथली मोडतोड निराळी. ती चूक दुसऱ्या लेखकूची.

आता शब्द. माकड म्हणजे लाल तोंडाचं, तुलनेनं आखूड शेपटीचं. वानर म्हणजे काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा लंगूर. नागपुरात बोलताना दोघंही सर्रास ‘बंदर’ होतात, ते सोडा. (‘वा नर’, म्हणजे ‘हा नर की काय?’ ही वानराची फोड कीर्तनात रंगते खरी, पण कोशकार ‘वन’कडे बोट दाखवतात.) एप हा तिसरा गट: गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी. त्यांना शेपूट नाही. महाराष्ट्राच्या रानात त्यांतला एकही नाही आणि भारतात फक्त ईशान्येकडे गिबन आहे, त्यामुळे आपल्या बोलीत त्यांच्यासाठी शब्द घडायचं कारणच पडलं नाही. पुस्तकांत ‘कपी’ दिसतो. मला तो पटत नाही. अर्जुनाच्या ध्वजावरचा कपी चांगला शेपटीवाला होता. ‘बांडं माकड’ म्हणावं असं एकदा मनात आलं होतं, पण वर्गात हशा पिकेल. ‘एप’च बरा.

शेपटीची हकिगत तर सरळ प्रक्षिप्त ओवीची आहे. २०२४ साली छापून आलेल्या संशोधनानुसार, सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी टीबीएक्सटी नावाच्या जनुकात डीएनएचा एक उपरा तुकडा घुसला. तो एपमध्ये आहे, आपल्यात आहे, शेपटीच्या माकडांत नाही. त्या तुकड्यामुळे जनुकाच्या कामात जो फरक पडतो, तो उंदरांत घडवून आणला तेव्हा काहींची शेपूट आखूड झाली, काही बिनशेपटीचेच जन्मले. म्हणजे माणूस एप‘पासून’ झाला असंही म्हणायची सोय नाही. माणूस एपच आहे. फळ्यावर लिहायचं तर असं लिहा: ‘माणूस आणि माकड एकाच पूर्वजाचे वंशज आहेत.’

रामटेकचं नाव निघालंच आहे, तर ‘रामापिथेकस’ही सांगून टाकतो. १९३०च्या दशकात शिवालिकच्या डोंगरांत सापडलेल्या जबड्याला हे नाव मिळालं: आपला राम आणि ग्रीक ‘पिथेकोस’, म्हणजे माकड. पुढं बरीच वर्षं हाच माणसाचा आद्य पूर्वज असं मानत. १९६७ साली सॅरिच आणि विल्सन या शास्त्रज्ञांनी रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन ताडून पाहिलं आणि माणूस व आफ्रिकेतले एप वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षं झाली असावीत, असा हिशेब मांडला. रामापिथेकस तर त्याच्या कितीतरी आधीचा! बरीच वादावादी झाली, नवे अवशेष मिळाले, आणि स्वारी ओरांगउटानच्या भाऊबंदांत जाऊन बसली. नावही गेलं. आता ते जबडे ‘शिवापिथेकस’मध्ये धरतात.