दक्षिण कोरियातील महानगरे प्रांताच्या कुशीत असूनही प्रांताची का नसतात?

तुमचा प्रश्न असा आहे की, दक्षिण कोरियाच्या नकाशात डेजॉन, डेगू, ग्वांगजू ही शहरे एखाद्या प्रांताच्या कुशीत वसलेली दिसतात, तरी त्यांना वेगळा रंग दिलेला असतो. मग ती शहरे त्या प्रांतात मोडतात की नाही, आणि त्यांचा कारभार पाहते कोण? पहिल्या भागाचे उत्तर एका शब्दात देता येते: नाही. ग्वांगजूच्या चारही बाजूंना दक्षिण जॉल्ला प्रांत आहे, पण १९८६ मध्ये वेगळे काढल्यावर ग्वांगजू त्या प्रांताचे राहिले नाही. प्रांत आणि महानगर ही तेथे एकाच पायरीवरची दोन भावंडे आहेत. दुसऱ्या भागाचे उत्तर मात्र सविस्तर द्यावे लागेल, कारण या शहरांना आज आपण ‘स्वशासित’ म्हणतो, ती मुळात स्वशासनासाठी वेगळी काढलेलीच नव्हती.

मी २०११ ते २०१५ ही चार वर्षे संशोधनाच्या कामासाठी डेजॉनमध्ये राहिलो. तेथे पोहोचल्यावर परदेशी रहिवाशाच्या नोंदणीचा अर्ज भरताना मी पत्त्यात आधी ‘चुंगचॉंगनाम-दो’, म्हणजे दक्षिण चुंगचॉंग प्रांत, असे लिहिले आणि त्यापुढे डेजॉन. गाव, तालुका, जिल्हा, राज्य अशी उतरंड लहानपणापासून डोक्यात बसलेली असल्यामुळे शहराच्या वर एखादा प्रांत असणारच, असे मी गृहीत धरले होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी पहिला शब्द खोडला आणि ‘डेजॉन ग्वांग्योक-सी, युसॉंग-गू’ असे स्वच्छ अक्षरांत लिहून दिले. ‘सी’ म्हणजे शहर, ‘ग्वांग्योक-सी’ म्हणजे विस्तृत क्षेत्राचे शहर, अर्थात महानगर, आणि ‘गू’ म्हणजे त्याचा विभाग. त्या पत्त्यात प्रांताला जागाच नव्हती.

जानेवारी २०२४ मध्ये उत्तर जॉल्ला प्रांताचा दर्जा बदलल्यानंतर देशात वरच्या पायरीची एकूण १७ एकके होती. सोल हे एकमेव ‘विशेष शहर’. बुसान, डेगू, इंचॉन, ग्वांगजू, डेजॉन आणि उल्सान ही सहा महानगरे. सेजोंग हे ‘विशेष स्वशासित शहर’. सहा साधे प्रांत. आणि जेजू, गांगवॉन व उत्तर जॉल्ला हे तीन ‘विशेष स्वशासित प्रांत’. नावे निरनिराळी असली तरी या सतराही एककांना आपला निवडून आलेला प्रमुख आणि आपली निवडून आलेली परिषद असते, आणि त्यांच्या वर थेट केंद्र सरकार असते.

प्रांतांचा इतिहास फार जुना आहे. जोसॉन राजवटीत १४१३ मध्ये देशाचे आठ प्रांत ठरले, आणि त्यांतील बहुतेकांची नावे दोन प्रमुख शहरांची पहिली अक्षरे जोडून केलेली होती. ग्योंगजू आणि सांगजू मिळून ग्योंगसांग, जॉनजू आणि नाजू मिळून जॉल्ला (उच्चारात न चा ल होतो), चुंगजू आणि चॉंगजू मिळून चुंगचॉंग, गांगनुंग आणि वॉनजू मिळून गांगवॉन. पुढे १८९६ मध्ये यांतील पाच प्रांतांचे उत्तर आणि दक्षिण असे दोन-दोन भाग झाले आणि आठाचे तेरा झाले. देशाची फाळणी झाल्यावर त्यांपैकी काही उत्तरेकडे गेले. गांगवॉन तर मधोमध चिरला गेला, त्यामुळे आजही सीमेच्या दोन्ही बाजूंना त्याच नावाचा एकेक प्रांत आहे. दक्षिण कोरियाचे सरकार उत्तरेतल्या पाच जुन्या प्रांतांसाठी अजूनही सोलमध्ये प्रांतप्रमुख नेमते. त्यांच्या हाती जमीन नाही, पण तिकडून आलेल्या कुटुंबांच्या दृष्टीने त्या नेमणुकीला मोल आहे. प्रांत ही तेथील माणसाची ओळख असते, केवळ कारभाराची सोय नव्हे, हे त्यावरून कळावे.

शहरे वेगळी काढण्याची रीत त्या मानाने अगदी अलीकडची. सोल १९४६ मध्ये ग्योंगी प्रांतातून बाहेर पडले. राजधानी असल्याने ते समजण्यासारखे आहे. खरा नमुना घालून दिला तो बुसानने. १९६३ मध्ये बुसान दक्षिण ग्योंगसांग प्रांतातून काढून ‘जिखाल-सी’ करण्यात आले. मग १९८१ मध्ये डेगू आणि इंचॉन, १९८६ मध्ये ग्वांगजू आणि १९८९ मध्ये डेजॉन यांचा क्रम लागला. लोकसंख्या दहा लाखांच्या आसपास पोहोचली की शहर प्रांतातून काढायचे, असा साधारण प्रघात होता.

‘जिखाल-सी’ या शब्दाचा अर्थ आहे ‘थेट अखत्यारीतील शहर’, म्हणजे थेट केंद्राच्या अखत्यारीतील. १९६१ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर स्थानिक परिषदा बरखास्त झाल्या होत्या, आणि त्यानंतर तीसहून अधिक वर्षे महापौर काय किंवा प्रांतप्रमुख काय, सगळे केंद्रानेच नेमलेले असत. त्यामुळे बुसानला प्रांतातून काढले याचा अर्थ बुसानला स्वतःचा कारभार मिळाला असा मुळीच नव्हता. मधला दुवा काढून केंद्राने ते शहर आपल्या हाताशी घेतले, एवढाच त्याचा अर्थ होता. स्थानिक परिषदांच्या निवडणुका १९९१ मध्ये पुन्हा सुरू झाल्या, आणि २७ जून १९९५ रोजी महापौर व प्रांतप्रमुख प्रथमच देशभर एकाच दिवशी लोकांनी निवडून दिले. त्याच वर्षी ‘थेट अखत्यारीतील शहर’ हे नाव जाऊन ‘महानगर’ हे नाव आले. केंद्राच्या सोयीसाठी आखलेल्या त्याच रेषांच्या आत शहराचा स्वतःचा कारभार सुरू झाला. या व्यवस्थेतील ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे असे मला वाटते, आणि नकाशावरच्या रंगांवरून ती कधीच कळत नाही.

शहर निघून गेल्यावर प्रांताचे काय होते, हे मी डेजॉनमध्ये जवळून पाहिले. डेजॉन हे रेल्वेमुळे वाढलेले गाव. १९३२ मध्ये दक्षिण चुंगचॉंग प्रांताचे मुख्यालय गोंगजू या जुन्या शहरातून उचलून तेथे आणले गेले. रेल्वे स्थानकातून बाहेर पडल्यावर समोर जुंगआंग-नो हा सरळ रस्ता लागतो, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला त्या काळातील मुख्यालयाची इमारत उभी आहे. १९८९ मध्ये डेजॉन प्रांतातून बाहेर पडले, पण मुख्यालय तेथेच राहिले. तेवीस वर्षे दक्षिण चुंगचॉंगचा कारभार अशा शहरातून चालत होता, जे त्या प्रांतात नव्हतेच. प्रांतातील शेतकऱ्याला आपल्याच प्रांताच्या कचेरीत जाण्यासाठी प्रांताची हद्द ओलांडावी लागे. २०१२ च्या अखेरीस सामानाच्या गाड्या भरून ते मुख्यालय पश्चिमेला, होंगसॉंग आणि येसान यांच्या सीमेवर वसवलेल्या नव्या वस्तीत गेले. पुढच्या काही महिन्यांत त्या रस्त्यावरच्या खानावळी आणि छपाईची दुकाने एकेक करून बंद होताना मी पाहिली. दुपारच्या जेवणाला येणारा कारकूनवर्गच उरला नव्हता. जुन्या इमारतीत पुढे शहराच्या इतिहासाचे प्रदर्शन सुरू झाले.

हे फक्त डेजॉनचेच झाले असे नाही. दक्षिण ग्योंगसांगचे मुख्यालय वीस वर्षे बुसानमध्ये राहून १९८३ मध्ये चांगवॉनला गेले, दक्षिण जॉल्लाचे २००५ मध्ये ग्वांगजूमधून मुआनला, आणि उत्तर ग्योंगसांगचे २०१६ मध्ये डेगूमधून आंदोंगच्या बाजूला. सर्वांत मोठे शहर गेले की त्याबरोबर कराचे उत्पन्न, विद्यापीठे, मोठी रुग्णालये आणि तरुण माणसे जातात. उरलेल्या प्रांताकडे डोंगर, शेती आणि म्हातारी गावे राहतात. म्हणूनच अलीकडे डेगू व उत्तर ग्योंगसांग, किंवा ग्वांगजू व दक्षिण जॉल्ला, यांनी पुन्हा एकत्र यावे अशी चर्चा जोराने सुरू झाली, आणि मला ती योग्य दिशेची वाटते. दरम्यान, जुलै २०२३ मध्ये गुनवी हा ग्रामीण विभाग उत्तर ग्योंगसांगमधून काढून डेगूला जोडला गेला. नव्या विमानतळासाठी जागा देण्याच्या बोलणीत ती अट होती.

आता कारभाराकडे वळू. वरच्या पायरीखाली दुसरी पायरी आहे आणि तिच्यावर २०२४ मध्ये २२६ स्थानिक संस्था होत्या: ७५ शहरे, ८२ ‘गुन’ म्हणजे ग्रामीण विभाग, आणि ६९ स्वशासित ‘गू’. प्रांताच्या खाली शहरे आणि गुन येतात. सोल आणि महानगरांच्या खाली गू येतात, आणि काही महानगरांत गुनही. ४ जून २०१४ च्या स्थानिक निवडणुकीत माझ्या प्रयोगशाळेतील सहकारी मतदान करून आला, तेव्हा त्याने सांगितले की त्याला सात मतपत्रिका मिळाल्या, वेगवेगळ्या रंगांच्या, आधी तीन आणि मग चार. महानगराचा महापौर, शिक्षणप्रमुख, गूचा प्रमुख. मग महानगर परिषदेसाठी दोन आणि गूच्या परिषदेसाठी दोन, त्यांतली प्रत्येकी एक उमेदवाराला आणि एक पक्षाला. शिक्षणप्रमुखाला पक्षाचे चिन्ह नसते. त्याच दिवशी शेजारच्या सेजोंगमध्ये मतदाराच्या हाती चारच पत्रिका पडल्या, कारण सेजोंगला खालची पायरीच नाही. दक्षिण कोरियात कायम वास्तव्याचा परवाना मिळून तीन वर्षे झालेल्या परदेशी माणसालाही २००६ पासून या स्थानिक निवडणुकांत मत देता येते, ही गोष्ट मला मोठ्या मनाची वाटली.

‘गू’ या शब्दाने मात्र फसू नका. महानगरातील गूचा प्रमुख लोक निवडतात. सुवॉनसारख्या प्रांतातील मोठ्या शहरातही चार गू आहेत, पण त्यांचे प्रमुख महापौराने नेमलेले अधिकारी असतात आणि त्या गूंना परिषद नसते. सुवॉनचे उदाहरण आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवण्यासारखे आहे. सुवॉनची लोकसंख्या सुमारे बारा लाख आहे आणि उल्सानची सुमारे अकरा लाख. उल्सान १९९७ मध्ये महानगर झाले. सुवॉन आजही ग्योंगी प्रांतातले एक शहर आहे. उल्साननंतर एकाही शहराला महानगराचा दर्जा मिळालेला नाही, कारण प्रांतांनी होणारे नुकसान अनुभवले होते. त्याऐवजी जानेवारी २०२२ पासून सुवॉन, गोयांग, योंगिन आणि चांगवॉन यांना काही जादा अधिकार देणारा एक मधला दर्जा दिला गेला. तो मिळूनही ती प्रांतातच राहिली.

सेजोंगची गोष्ट वेगळी आहे. राजधानी सोलमधून हलवण्याचा कायदा घटना न्यायालयाने ऑक्टोबर २००४ मध्ये रद्द ठरवला. सोल ही राजधानी आहे हा अलिखित घटनेचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले. मग राजधानी नव्हे, पण बहुतेक मंत्रालये हलवायची असे ठरले, आणि १ जुलै २०१२ रोजी दोन प्रांतांचे तुकडे जोडून हे शहर अस्तित्वात आले. जेजू बेटावर २००६ मध्ये उलट दिशेचा प्रयोग झाला: प्रांताला जादा अधिकार मिळाले, पण त्याखालील शहरांच्या निवडणुका गेल्या, आणि आता तेथील दोन्ही शहरांचे महापौर प्रांतप्रमुख नेमतो.

आपल्याकडील तुलना करताना सावध राहावे लागते. आपली राज्ये संघराज्याची घटक आहेत. कोरियातील प्रांत आणि महानगरे तशी नाहीत. तेथील घटनेच्या ११७ आणि ११८ या कलमांनी स्थानिक स्वशासन मान्य केले आहे, पण प्रांत कायदे करत नाही; संसदेच्या कायद्याच्या मर्यादेत तो फक्त उपविधी करू शकतो. मात्र एखादे शहर आपल्या प्रदेशापासून तोडणे म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली तेव्हा आपल्याकडे काय उसळले, ते सर्वांना माहीत आहे. बुसान आणि डेगू वेगळी झाली तेव्हा विरोध करायला निवडून आलेली प्रांतिक परिषदच अस्तित्वात नव्हती.

तुम्हाला तेथे काही पाठवायचे असेल, तर पत्ता मोठ्याकडून लहानाकडे लिहा आणि पहिला शब्द कधीही गाळू नका. ग्वांगजू नावाची दोन शहरे आहेत: एक महानगर, आणि दुसरे सोलजवळ ग्योंगी प्रांतात. ‘जुंग-गू’, म्हणजे मध्य विभाग, सोल, बुसान, डेगू, डेजॉन आणि उल्सान या सगळ्यांत आहे. माझ्या आईने पाठवलेला दिवाळीच्या फराळाचा डबा नुसत्या ‘जुंग-गू’वर निघाला होता; तो आधी सोल फिरून आला आणि मग आठ दिवसांनी डेजॉनला पोहोचला.