नीटचा आणखी एक प्रयत्न कुणासाठी?

सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातून आलेले आपले सविस्तर पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्याचा गोषवारा देतो. आपल्या मुलीने बारावीनंतर दोन वर्षे लातूरला राहून नीट दिली. गुण वाढले, पण शासकीय महाविद्यालयातील एमबीबीएसच्या जागेपर्यंत पोहोचले नाहीत. मधल्या काळात तिच्या आजीचा झिजलेला खुबा कोल्हापुरात संगणकाच्या मार्गदर्शनाने बदलण्यात आला. तेव्हापासून ‘माझा दुसरा खुबा नातच बदलणार’ असे आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि आपणही त्यांना तसा शब्द देऊन बसला आहात. आता मुलीला आणखी एक वर्ष लातूरला ठेवावे, की हापूसची निम्मी बाग गहाण टाकून खासगी महाविद्यालयात जागा घ्यावी, असा आपला प्रश्न आहे.

मला तिच्या गुणांची चिंता वाटत नाही. चिंता वाटते ती आपल्या पत्राची. त्यात आजींची इच्छा आहे, भावकीतली चर्चा आहे, बागेवर किती कर्ज मिळेल याचा अंदाज आहे, परंतु मुलीला स्वतःला काय हवे आहे याविषयी एक वाक्यही नाही. तिचा एकमेव ठसठशीत उल्लेख येतो तो तक्रार म्हणून. शस्त्रक्रियेनंतर सर्जननी पडद्यावरची चित्रे दाखवली, तर ही मुलगी जीवशास्त्राच्या वहीत आजींच्या हाडावर लावलेली चौकट आणि कॅमेऱ्याला दिसणारे तिच्यावरचे चकाकते गोळे काढत बसली आणि खाली लिहिले, ‘कॅमेरा आणि गोळे यांच्या मध्ये कुणी उभे राहिले तर आकडा कुठून येणार?’ आपल्याला तो वेळेचा अपव्यय वाटला. संगणकाच्या मार्गदर्शनाने होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांना रोज भेडसावणारी अडचण नेमकी हीच आहे, आणि ती तिला कुणी न सांगता दिसली. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलीची बुद्धी कोणत्या दिशेला धावते, याचा याहून स्वच्छ पुरावा कोणत्याही कलचाचणीतून मिळणार नाही.

आपण लिहिता, ‘हल्ली ऑपरेशन संगणकच करतो, त्यामुळे तिची संगणकाची आवड डॉक्टर होऊनही भागेल, इंजिनिअर झाली तर नुसती मशीन दुरुस्त करीत बसेल.’ या वाक्याचे दोन्ही भाग चुकीचे आहेत. आजींच्या शस्त्रक्रियेत वापरतात तशा प्रणालीत संगणक हाडाला हातही लावत नाही. कमरेच्या हाडात पिना बसवून त्यांवर परावर्तक गोळ्यांची चौकट लावतात, अवरक्त किरणांवर चालणारे कॅमेरे त्या चौकटीची जागा सतत टिपतात, आणि सर्जन एका टोकदार दर्शकाने हाडावरचे ठरावीक बिंदू स्पर्शून दाखवतो, तेव्हा समोरचे हाड आणि संगणकातील त्रिमितीय चित्र यांची जुळणी होते. काही प्रणालींत हे चित्र आधी काढलेल्या सीटी स्कॅनवरून तयार होते, तर काहींत स्कॅनशिवाय, केवळ स्पर्शलेल्या बिंदूंवरून. त्यानंतर खुब्यात बसवायची कृत्रिम वाटी किती अंश कललेली आणि किती अंश पुढे वळलेली आहे, हे पडद्यावर दिसते. वाटी चुकीच्या कोनात बसली तर सांधा निखळू शकतो किंवा वाटीचे अस्तर लवकर झिजते, म्हणून या आकड्यांना मोल आहे. परंतु पीन किंचित ढिली झाली, किंवा जुळणीच्या वेळी दर्शकाचे टोक हाडाऐवजी वरच्या मांसल भागावर टेकले, तर पडदा चुकीचा आकडाही तितक्याच ठामपणे दाखवतो. बरे, अचूक आकडा म्हणजे योग्य निर्णय असेही नाही. सुमारे 40 अंश कल आणि 15 अंश पुढचे वळण, दोन्हीकडे 10 अंशांची मुभा, ही ‘सुरक्षित’ मर्यादा 1978 मध्ये मांडली गेली. पुढे त्या मर्यादेत बसवलेले सांधेही निखळताना आढळले, कारण माणूस उठतो-बसतो तेव्हा कमरेचे हाडच पुढेमागे कलते. रुग्णाला कोणता कोन द्यायचा हे सर्जनने ठरवायचे असते. तो कोन विश्वासाने मोजता यावा, याची जबाबदारी गणित, प्रकाशशास्त्र आणि प्रतिमा-प्रक्रिया जाणणाऱ्या माणसांची असते. ही दुरुस्तीची कामे नव्हेत.

ज्या सीटी स्कॅनवर यातल्या बऱ्याच प्रणाली उभ्या आहेत, तो घडवणारे गॉडफ्रे हाउन्सफील्ड अभियंते होते. त्यांना 1979 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्यांच्यासोबत ते मिळालेले ॲलन कॉर्मॅक भौतिकशास्त्रज्ञ होते. खुब्याच्या सांध्यासाठी हाड कोरणारे रोबोडॉक हे यंत्र 1992 मध्ये अमेरिकेत प्रथम माणसावर वापरले गेले. त्यामागे एक अस्थिशल्यविशारद, एक पशुवैद्य आणि आयबीएमचे संशोधक होते. आजींना हे जरूर सांगा.

आता मार्गाविषयी थोडक्यात. साडेपाच वर्षांचे एमबीबीएस, मग नीट पीजी आणि तीन वर्षांचे एमएस, हा मार्ग आपल्याला ठाऊकच आहे. मुलीने बारावीला गणित ठेवले आणि यंदा राज्याच्या एमएचटी-सीईटी या प्रवेश परीक्षेचा पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटही दिला, तोही 94 पर्सेंटाइलने, हे आपण ताजा कलम म्हणून ‘सरावासाठी’ असे नोंदवले आहे. माझ्या मते हीच पत्रातली सर्वांत महत्त्वाची ओळ आहे. आणखी एक गॅप घेतल्यास जेईई मेन या देशपातळीवरच्या अभियांत्रिकी प्रवेश परीक्षेची पात्रताही संपेल. जेईई ॲडव्हान्स्डची तर आधीच संपली आहे. तेव्हा तिची तयारी असेल तर याच वर्षीच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांत तिने संगणक, इलेक्ट्रॉनिक्स किंवा इन्स्ट्रुमेंटेशनला प्रवेश घ्यावा. पदवीलाच ‘बायोमेडिकल’ हे नाव हवे असा हट्ट मी धरणार नाही. पाया रुंद असावा आणि गेट या एमटेकच्या प्रवेश परीक्षेनंतर एमटेकला वैद्यकीय प्रतिमा किंवा रोबोटिक्सकडे वळावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मुंबईच्या आयआयटीत बेटिक या केंद्रात डॉक्टर आणि अभियंते मिळून वैद्यकीय उपकरणे घडवतात, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत हेच काम अनेक दशके चालू आहे. हेही सांगितले पाहिजे की या कामाच्या नोकऱ्या देवगड-कणकवलीत नाहीत. तिला घरापासून दूर राहावे लागेल.

बाग मात्र गहाण टाकू नका. मोहोर एखाद्या वर्षी दगा देतो, कर्जाचा हप्ता मात्र चुकत नाही. आणि त्या कर्जाचे ओझे आपल्याइतकेच तिच्या मनावर राहील; नापास होण्याचीही मुभा नसलेली मुलगी वैद्यकीय महाविद्यालयात पाच वर्षे कशी काढते, हे मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत पाहतो, आणि ते पाहवत नाही.

कदाचित तिला मनापासून डॉक्टरच व्हायचे असेल. तसे असेल तर माझा सल्ला बदलेल, परंतु ते तिच्या तोंडून यायला हवे, आजी आणि आपण समोर नसताना. तिला माझ्याशी एकटीने फोनवर बोलू द्या. दरम्यान कॅपच्या नोंदणीची मुदत आजच पाहून घ्या, कागदपत्रे काढून ठेवा, लातूरच्या क्लासला आगाऊ रक्कम भरली असल्यास ती परत मागा, आणि पर्यायांचा क्रम तिचा तिला लावू द्या.