झुआरीनगरच्या शाळेत रुजू होताना

प्रिय मुली,

नेमणुकीची बातमी वाचून फार बरं वाटलं. पण तुझ्या निरोपातलं एक वाक्य मनाला टोचत राहिलं: ‘वर्गात बहुतेक घाट्यांचीच मुलं आहेत, घरून काही लक्ष नसणार.’ एकाही पालकाला भेटायच्या आधी तू हे ठरवून टाकलंस. म्हणून लगेच लिहायला बसले.

विजापूर, बागलकोट, गदगकडून घाट उतरून गोव्यात बांधकामावर आलेल्यांची ही मुलं. बऱ्याच जणांच्या घरी लमाणी, शेजारात कन्नड, बाजारात हिंदी आणि तुझ्यासमोर मराठी. सहा वर्षांचं मूल चौथ्या भाषेत अडखळलं, की त्याला मठ्ठ ठरवायला आपण मोकळे. गावोगावच्या सरकारी मराठी शाळांना पटाअभावी टाळं लागत असताना तुमच्या भागातल्या शाळा याच मुलांमुळे भरलेल्या दिसतात, हेही ध्यानात ठेव.

गैरहजेरीचं सांगते, कारण शिक्षकांच्या तोंडी पहिली तक्रार तीच असते. यल्लम्माच्या जत्रेला कुटुंब सौंदत्तीला गेलं, मूल आठवडाभर आलं नाही, की लगेच ‘यांना शिक्षणाचं काही नाही.’ आणि आपलं मूल गणेश चवथीला मूळ घरी गेलं, सुट्टी संपल्यावरही दोन दिवस तिथेच राहिलं, फातर्प्याच्या जत्रेसाठी शाळा चुकवली, तर? ती आपली श्रद्धा, आपली परंपरा. हजेरीपटावर खूण एकच, अर्थ मात्र आडनाव बघून लावायचा. हे अन्यायाचं आहे, आणि मुलांना ते फार लवकर कळतं.

वर्गात कंपासपेटी हरवली, की पहिलं दप्तर कुणाचं उघडलं जातं ते बघ. झाडू कुणाच्या हातात दिला जातो, पाहुण्यांना फूल द्यायला कुणाला पुढे करतात, तेही बघ. दप्तरं तपासायचीच असतील तर पहिल्या बाकापासून सगळ्यांची तपास, नाहीतर कुणाचंच नको. झाडायची पाळी हजेरी क्रमांकाने लाव. नावं नीट उच्चारायला शीक. यल्लप्पाचा ‘यलू’ करून टाकू नकोस.

आपल्यालाही हे सोसावं लागतं ना? गोव्याबाहेर गेलं की गोंयकार म्हणजे ख्रिस्ती, दारू पिणारा, सुशेगाद पडून राहणारा. २०११ च्या जनगणनेत गोव्यात सुमारे ६६ टक्के हिंदू आणि २५ टक्के ख्रिस्ती होते, पण ऐकतो कोण? शिवाय सगळे गोंयकार एका ठशाचे नाहीत, हे सांगायला आकड्यांची गरजच पडू नये. आपलीच माणसं पोटासाठी मुंबईला गेली, धोबीतलावच्या कुडींत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक बिऱ्हाडांत, दाटीवाटीने राहिली, बोटींवर नोकरीला चढली. परगावात कष्ट करणाऱ्याला काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. आणि देवळांच्या सेवेतल्या ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या हिणवलं गेलं, त्याच समाजातले भाऊसाहेब बांदोडकर १९६३ मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. गोव्यात गावागावांत प्राथमिक शाळा पोचल्या त्या त्यांच्याच काळात.

स्टाफरूममध्ये कुणी ‘घाटी’ म्हणालं तर भांडू नकोस, तू नवीन आहेस. ‘कोण? तिसरीतली रेणुका का?’ एवढं शांतपणे विचार. नाव घेतलं की बोलणं पुष्कळदा त्या एका मुलीवर येतं.

पालकसभा सकाळी अकराला ठेवू नकोस. रोजंदारीवरच्या माणसाची अर्ध्या दिवसाची मजुरी जाते, आणि तो आला नाही की आपण म्हणणार, लक्ष नाही. रविवारी संध्याकाळी ठेव. मुख्याध्यापकांची परवानगी आधी घे. नोटीस वाचता येणारे पालक थोडेच असतील, तेव्हा निरोप मुलांच्या तोंडी दे आणि कन्नड येणारी एखादी आई मदतीला घे. पहिल्या सभेला कोण कोण आलं, ते मला कळव.

तुझी,
बाई