यादी मार्कांवरून लावू नकोस

प्रिय,

परवाचा आपला फोन अर्धवटच राहिला. कॉलेजने सदतीस विद्यार्थ्यांची यादी तुझ्या हातात दिलीय, ते मधेच गळू नयेत हे तू बघायचं; सगळे आपापल्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, सगळ्यांकडे पैशांची ओढाताण. सुरुवात कुणापासून करू, असं तू विचारलंस. आणि लगेच स्वतःच उत्तर दिलंस की मार्कांवरून यादी लावायची, तळातल्यांना आधी बोलवायचं. मी तेव्हा गप्प राहिले. मीही पहिली काही वर्षं नेमकं हेच केलं होतं, आणि ते का चुकतं हे फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखं नाही.

नापास होणारा मुलगा सगळ्यांना दिसतो. त्याच्याबद्दल स्टाफरूममध्ये बोललं जातं, त्याच्यासाठी जादा तास लागतात. साठ-पासष्ट टक्के मिळवणारा आणि कधीच तक्रार न करणारा मात्र एक दिवस यायचा थांबतो, आणि तो थांबलाय हे कळायलाच महिना जातो.

माझ्या हातून एक मुलगी अशी गेली. शेवटच्या वर्षाला होती. अक्षर इतकं नेटकं की तिची वही मी इतरांना दाखवायचे. शेवटच्या सत्रात तिची हजेरी विरळ झाली. मी मनात म्हटलं, घरी काही असेल, येईल. परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटल्यावर तिच्या मैत्रिणीकडून खरं काय ते कळलं. ग्रंथालयाचं एक पुस्तक तिच्याकडून हरवलं होतं. त्याची किंमत आणि दंड भरल्याशिवाय नो ड्यूज, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचं प्रमाणपत्र, मिळत नव्हतं आणि नो ड्यूजशिवाय फॉर्म घेत नव्हते. रक्कम एवढी किरकोळ की स्टाफरूममधल्या कुणीही उभ्या उभ्या काढून दिली असती. पण तिने कुणाला सांगितलंच नाही. घरी सांगायचं तर ‘हरवलंसच कसं’ इथून सुरुवात होणार, आणि कॉलेजात असलं काही कुणाला सांगायचं असतं हेच तिला ठाऊक नव्हतं. भेटली तेव्हा म्हणाली, “पुढच्या वर्षी बघू, मॅडम.” पुढच्या वर्षी ती कुठेतरी कामाला लागली होती. राहिलेले पेपर राहिलेच.

या मुलांच्या बाबतीत अडथळा बहुतेक वेळा असाच असतो, हास्यास्पद वाटावा इतका लहान. अमेरिकेत अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटीला हे आकड्यांतून दिसलं. फी पूर्ण भरली नाही म्हणून दर सत्रात ज्यांची नावं कमी व्हायची, त्यांत कितीतरी जणांची बाकी थोडीशीच असायची, आणि काही जण तर पदवीच्या उंबरठ्यावर असायचे. २०११ पासून त्यांनी अशा विद्यार्थ्यांना छोटी अनुदानं द्यायला सुरुवात केली. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे विद्यार्थ्याला अर्ज करावा लागत नाही. विद्यापीठच यादी बघतं, कोण घसरणार ते हेरतं आणि निरोप पाठवतं. आपण मात्र मदतीच्या दारावर आधी उत्पन्नाचा दाखला मागतो, मग शिफारसपत्र, मग दोन छायाप्रती, आणि वर म्हणतो की गरजू मुलं पुढे येत नाहीत.

मागायला लावू नकोस. माझ्याकडे सांगण्यासारखं खरं तर एवढंच आहे, बाकीचं पत्र त्याचाच तपशील आहे.

सिटी युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कने २००७ मध्ये ‘असॅप’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. दोन वर्षांच्या पदवीसाठी आलेल्या, कमी उत्पन्नाच्या आणि पायाभूत विषयांत कच्च्या असलेल्या सुमारे ९०० विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून नंतर त्याची तपासणी झाली. तीन वर्षांनी या कार्यक्रमातले ४० टक्के पदवीधर झाले होते, दुसऱ्या गटातले २२ टक्के. पुढे ओहायो राज्यातल्या कॉलेजांनी हाच साचा उचलला, तिथेही प्रमाण जवळपास दुपटीने वाढलं. दिलं काय होतं? शिष्यवृत्ती वजा जाता उरलेली फी माफ, पाठ्यपुस्तकं फुकट वापरायला, बस-मेट्रोचा मासिक पास, आणि एका सल्लागाराकडे साधारण ६० ते ८० विद्यार्थी. एरवी तिथे एका सल्लागाराच्या वाट्याला शेकड्यांनी यायचे. बदल्यात पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला नियमित भेटायचं. यातली एकही गोष्ट सुटी घेतली तर चमत्कार नाही. पण तो पास बघ. कार्यक्रमात नियमित राहिलं तरच तो मिळायचा. म्हणजे मुलाला सल्लागाराकडे जायला कारण मिळालं. ‘मला अडचण आहे’ असं म्हणत जावं लागलं नाही, ‘पास घ्यायला आलो’ म्हणत गेला, आणि खुर्चीवर बसल्यावर अडचण आपोआप बाहेर आली.

तुझ्या प्राचार्यांना खर्चाची काळजी वाटली, तर त्यांना सांग की दर विद्यार्थ्यामागे तिथे खर्च वाढला खरा, पण दर पदवीमागचा घटला, कारण पदवी घेणारेच कितीतरी जास्त निघाले. ही भाषा त्यांना कळते.

आपल्याला हे अमेरिकेतून शिकायला नको होतं, हेही जाता जाता म्हणते. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहं काढली, ती शाळा नव्हत्या म्हणून नव्हे. शाळा होत्या. मुलाने रात्री निजायचं कुठे आणि जेवायचं काय, हा प्रश्न होता. भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, आणि पोरांच्या दाण्यापाण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही. आपण ती गोष्ट त्यागाची म्हणून सांगतो आणि डोळे पुसतो. मला ती हिशेबाची वाटते. शिकवणं फुकट केलं तरी शिकण्याभोवतीचा खर्च उरतोच, आणि मूल गळतं ते तिथे.

तर तुझ्या सदतीस जणांना ‘काही अडचण आहे का?’ असं विचारू नकोस. उत्तर ठरलेलं आहे: “नाही, सर्व ठीक.” कंटाळवाणे, नेमके प्रश्न विचार. फॉर्म भरलास? पावती दाखव. पुस्तक कुणाकडून घेतोस? कामावरची ड्युटी किती वाजता सुटते? सकाळच्या पहिल्या तासाला काय खाऊन येतोस? झोप किती झाली? या प्रश्नांना ‘ठीक’ असं उत्तर देताच येत नाही. आणि सगळ्यांना विचार, सदतीसच्या सदतीस जणांना, ठरलेल्या वारी. निवडक दोघांना बोलावलंस की त्या दोघांवर ‘गरीब’ असा शिक्का बसतो, आणि तो चुकवायला ते तुलाच चुकवतील.

हे चुकवणं मी जवळून पाहिलंय. एका मुलाची फी मी माझ्या पैशातून भरली. ‘सवडीने दे’ म्हटलं, मला वाटलं किती छान केलं आपण. त्यानंतर तो मला दिसेनासा झाला. एकदा जिन्यात समोरासमोर येणार होतो. मी वरून उतरत होते, तो खालून येत होता, हातात डबा. मला पाहिलं आणि तो चपळाईने मागे वळून दुसऱ्या जिन्याकडे गेला. वर्गात येतानाही मागच्या दाराने. पैसे परत करता येत नव्हते आणि तोंड दाखवता येत नव्हतं. मी त्याची फी भरली आणि त्याचा तास घालवला. आता द्यायचे झाले तर विभागाच्या निधीतून, माझं नाव न येता. किंवा देणगी म्हणून स्पष्ट, परत घेणार नाही असं सांगून. उसने कधीच नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. इंग्रजीची म्हणत नाही, तिची चर्चा पुष्कळ होते. कॉलेजची स्वतःची एक बोली असते आणि ती घरात आधी कुणी शिकलेलं असेल त्यालाच येते. माझ्या केबिनच्या दारावर पाटी होती: ‘विद्यार्थ्यांना भेटण्याची वेळ ३ ते ४’. एक मुलगा वर्षभर त्या दारासमोरून जात राहिला. दुसऱ्या वर्षाला ओळख झाल्यावर त्याने विचारलं, “मॅडम, त्या वेळेत तुम्ही कोणाला बोलावता?” त्याला वाटत होतं, ज्यांना निरोप गेलाय त्यांनीच यायचं. पाटीवर लिहिलेला शब्दन् शब्द त्याला वाचता येत होता. मुदत वाढवून मागता येते, विषय वेळेत सोडला तर तो नापास धरत नाहीत, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज म्हणजे गुरुजींचा अपमान नव्हे, हे कुणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि सांगणारं माणूस ज्यांच्या घरात असतं त्यांना ते सांगितल्याचं आठवतही नाही. तू सांग. पहिल्या आठवड्यात सांग आणि सत्राच्या मध्यावर पुन्हा सांग, कारण पहिल्या वेळी ते सगळे नुसते मान डोलावतात.

याहून चांगलं म्हणजे वरच्या वर्गातल्या मुलांना सांगायला लाव. अशाच घरांतून आलेले, तिसऱ्या वर्षाचे. नव्या विद्यार्थ्यांसमोर जुन्यांनी आपल्या घरच्या परिस्थितीचा कॉलेजातल्या अनुभवाशी काय संबंध आला हे मोकळेपणाने सांगितलं, तर पहिल्या वर्षाच्या गुणांतली दरी बरीच कमी होते, असं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. तासाभराचा कार्यक्रम, बस. तासाभरात होणाऱ्या चमत्कारांवर माझा फारसा विश्वास नाही, पण हे करून बघायला खर्च शून्य आहे. एक पथ्य पाळ. बोलणारा पहिला आलेला नसावा. एकदा नापास झालेला आणि तरी टिकलेला असावा.

आणि कृपा करून यांच्यापैकी कुणाला स्नेहसंमेलनात व्यासपीठावर उभं करून ‘हलाखीतून वर आलेला’ म्हणून सत्कार करू नका. मी एका मुलीचा चेहरा तेव्हा पाहिलाय. समोर तिचा वर्ग बसला होता.

घरच्यांबद्दल. आईवडील शिक्षणाच्या आड येतात असं तुला ऐकवणारे सहकारी भेटतील. काही येतातही. पण बहुतेकांना मुलगा दिवसभर काय करतो याची कल्पनाच करता येत नाही; तीन तास ग्रंथालयात बसणं हे त्यांच्या हिशेबात काम नाही, रिकामपण आहे. त्यात आपण घरी फोन करतो तो फक्त गैरहजेरी कळवायला. एकदा काहीही तक्रार नसताना फोन कर. ‘तुमच्या मुलाने आज वर्गात चांगला प्रश्न विचारला’ एवढंच सांग आणि ठेवून दे. पुढे परीक्षेच्या दिवसांत ‘आठवडाभर कामाला पाठवू नका’ असं सांगायची वेळ आली, तर तो फोन उचलला जाईल.

शिष्यवृत्तीचे पैसे घरी गेले म्हणून कुणाला बोलू नकोस. भावाच्या आजारपणात ते जाणारच. त्याने तेव्हा घराला नाही म्हणावं अशी अपेक्षा धरणारा माणूस त्याच्या मनातून उतरतो. मागे काय उरलंय आणि पुढची तारीख कोणती, एवढंच दोघांनी बसून बघायचं.

सगळ्यात जपायचं ते शेवटचं वर्ष. विचित्र वाटेल, पण पहिल्या वर्षी सगळे सावध असतात; शेवटच्या वर्षी आपल्याला वाटतं, आता काय, आलाच काठावर. नेमकी तेव्हा नोकरी मिळते, पदवी हातात नसताना. पगार सुरू होतो, घर त्या पगारावर उभं राहतं, आणि राहिलेले दोन विषय ‘ऑक्टोबरला देऊ’ म्हणता म्हणता सुटतात. नोकरी सोड असं त्याला सांगायचा हक्क आपल्याला नाही. पण परीक्षेच्या तारखा मालकाला आधी कळवणं, त्या दिवसांची रजा आधीच मागून ठेवणं, फॉर्म वेळेत जाईल हे बघणं, एवढं आपल्या हातात असतं. माझ्याकडे एक वही आहे, ‘दोन विषय राहिलेले’. त्यात कॉलेज सोडून तीन-चार वर्षं झालेल्यांचीही नावं आहेत. फॉर्म निघाले की मी प्रत्येकाला फोन करते. बरेच जण टाळतात. गेल्या खेपेला एकाने बाळाला कडेवर घेऊन येऊन फॉर्म भरला, आणि पेनाचं टोपण बाळाने तोंडात घातलं म्हणून अर्धा वेळ ते काढण्यात गेला.

तुझ्या यादीत अकराव्या क्रमांकावर एक नाव आहे. त्याच्याबद्दल तू म्हणालीस, ‘हा हुशार आहे, त्याची काळजी नाही, फक्त दोन आठवडे दिसला नाही.’ आज त्यालाच फोन कर. उचलला नाही तर ड्युटी सुटल्यावर पुन्हा. परीक्षेचा फॉर्म भरलास का, हे पहिलं विचार आणि पावतीचा फोटो मागव.

काय झालं ते कळव.

तुझी,
मॅडम